कथावाङ्मयाची परिभाषा वर्गात कशी शिकवावी

पाचवी ते आठवीच्या वर्गांत मराठीच्या तासाला एक दृश्य पुष्कळदा दिसते. शिक्षक विचारतात, "कथानक म्हणजे काय?" विद्यार्थी उभा राहतो आणि वहीत उतरवून घेतलेली व्याख्या एका दमात म्हणून दाखवितो. त्याच विद्यार्थ्यास नुकत्याच वाचलेल्या धड्यातील मुलगा घरातून का निघून गेला असे विचारले, तर तो खाली मान घालून उभा राहतो. व्याख्या पाठ झालेली असते. गोष्ट मात्र हातची निसटलेली असते.

हाच मुलगा दिवाळीनंतरच्या मंडईत पाहिलेली दंडार दुसऱ्या दिवशी तलावाच्या पाळीवर बसून सवंगड्यांना सांगतो. कोण आले, भांडण कशावरून झाले, कोणाची फजिती झाली, हे सारे तो क्रमाने सांगतो. पात्रांचे आवाज काढतो. मुख्य गोष्ट शेवटपर्यंत हातची राखून ठेवतो. कथानक, पात्र, संवाद, उत्कर्षबिंदू या साऱ्यांचा उपयोग तो करीत असतो. त्यांची नावे तेवढी त्यास ठाऊक नसतात. जे त्याच्यापाशी आहे त्यास नाव देणे, एवढेच शिक्षकाचे काम आहे. म्हणून परिभाषेच्या अध्यापनाचा पहिला नियम असा, की आधी गोष्ट, मग प्रश्न आणि सर्वांत शेवटी संज्ञा.

गोंदिया जिल्ह्यात या नियमाचे महत्त्व अधिक आहे. या जिल्ह्याच्या सीमा मध्य प्रदेश व छत्तीसगड या राज्यांना लागून आहेत. वर्गातील काही मुले घरी झाडीबोली बोलतात, काही पोवारी, काही हिंदी, काही गोंडी. पुस्तकातील मराठी त्यांपैकी अनेकांना शाळेतच प्रथम भेटते. अशा मुलांपुढे संस्कृत वळणाच्या संज्ञा एकदम ठेवल्या, तर गोष्ट ही आपली वस्तू नव्हे, असा त्यांचा ग्रह होतो. तो ग्रह एकदा झाला, की पुढे कित्येक वर्षे तो मुलगा पुस्तकाकडे स्वतःहून वळत नाही. हानी व्याख्या चुकण्याची नसते. वाचक गमावण्याची असते.

नमुन्याची गोष्ट

पुढे एक लहानशी गोष्ट दिली आहे. शिक्षकांनी ती वर्गात एकदा सावकाश सांगावी आणि लेखात पुढे येणाऱ्या सर्व संज्ञा या एकाच गोष्टीवरून समजावून द्याव्यात. दर संज्ञेला नवे उदाहरण घेतल्यास मुलांचे लक्ष विखुरते.

भाद्रपद लागला तरी पाऊस नव्हता. धान गर्भात आले होते आणि बोडीत गुडघाभर पाणी उरले होते. ते पाळीपाळीने घ्यावयाचे, असे गावाने ठरविले. त्या रात्री मनिरामची पाळी होती. पाण्यावर राखण डोमाची होती.

मध्यरात्री सुखदेवला जाग आली. बाप अंथरुणावर नव्हता. दाराशी टेकून ठेवलेले फावडेही नव्हते. पहाटे बाप आला, त्याने पाय धुतले आणि काही न बोलता तो निजला.

सकाळी गावात बोभाटा झाला. मनिरामच्या बांधीचा धुरा रात्री कोणीतरी फोडला होता. पाणी खालच्या चौघांच्या बांध्यांत उतरले होते. त्यामुळे हे काम कोणाचे ते कळत नव्हते. लोक पाराजवळ जमले. डोमा झोपला असेल किंवा कोणास सामील असेल, त्याची राखण काढून घ्यावी, असे बोलणे सुरू झाले. डोमाची मुलगी सुखदेवच्याच वर्गात होती. ती बापाचा हात धरून उभी होती.

सुखदेव घरी गेला. त्याने फावडे उचलले. पात्यावरची माती अजून ओली होती. ते घेऊन तो पाराकडे निघाला. वाटेत बाप समोर आला. बापाने फावड्याकडे पाहिले, मग मुलाकडे पाहिले. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी बापाने हात पुढे केला.

"आण इकडे," तो म्हणाला. "ते माझे आहे. मीच नेतो."

घटना आणि कथानक

गोष्ट सांगून झाल्यावर मुलांकडून फळ्यावर घटनांची यादी करून घ्यावी. पाऊस नव्हता, पाळी ठरली, बाप रात्री बाहेर गेला, धुरा फुटला, डोमावर आळ आला, सुखदेवने फावडे उचलले. ही झाली घटनांची मालिका. आता प्रत्येक दोन घटनांच्या मध्ये 'म्हणून' किंवा 'तरीही' यांपैकी कोणता शब्द बसतो ते मुलांना विचारावे. पाऊस नव्हता, म्हणून पाळी ठरली. पाळी ठरली, तरीही धुरा फुटला. धुरा फुटला, म्हणून डोमावर आळ आला. कार्यकारणाच्या या धाग्याने घटना एकमेकींत गुंफल्या जातात, तेव्हा त्यांचे कथानक होते. जेथे 'मग' याखेरीज दुसरा शब्द बसत नाही, तेथे कथानक सैल आहे असे समजावे. एवढी कसोटी कळली, म्हणजे व्याख्या मुले स्वतःच करतात.

पात्र आणि स्वभावचित्रण

सुखदेवचा बाप कसा माणूस आहे, असे विचारावे. कोणी 'चोर' म्हणेल, कोणी 'चांगला' म्हणेल. दोघांनाही एकच उलट प्रश्न करावा, "हे तुला कशावरून कळले?" गोष्टीत बापाच्या स्वभावाविषयी एकही विशेषण आलेले नाही. तो रात्री गेला, न बोलता निजला आणि शेवटी त्याने फावडे मागून घेतले, एवढेच सांगितले आहे. माणसाच्या कृतीवरून, बोलण्यावरून आणि मौनावरून त्याचा स्वभाव उभा करणे यास स्वभावचित्रण म्हणतात. लेखकाने 'तो प्रामाणिक होता' असे सरळ सांगून टाकणे हीदेखील एक रीत आहे, पण ती दुबळी आहे. ज्याच्या मनात बदल घडतो ते पात्र आणि जे शेवटपर्यंत एकाच रंगाचे राहते ते पात्र, हा भेदही येथेच दाखविता येतो. बाप बदलतो, मनिराम बदलत नाही, कारण गोष्टीला त्याचे तेवढेच काम आहे.

संघर्ष

संघर्ष म्हणजे मारामारी, असा मुलांचा समज असतो. या गोष्टीत कोणी कोणावर हात उगारलेला नाही. तरीही तीन संघर्ष दिसतात. गाव आणि अवर्षण यांचा एक. पाण्यासाठी माणसामाणसांत चाललेला दुसरा. तिसरा सुखदेवच्या मनातला. खरे सांगावे तर बाप उघडा पडतो. गप्प बसावे तर डोमाची राखण जाते. हा तिसरा संघर्ष गोष्टीचा प्राण आहे. तो काढून टाकला, तर उरते ती पाणीचोरीची बातमी. मुलांना असे विचारावे, की सुखदेवच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? उत्तरे वेगवेगळी येतील. येऊ द्यावीत; कोणतेही उत्तर चूक ठरवू नये.

स्थळ, काळ आणि वातावरण

बोडी, बांधी, धुरा, भाद्रपद, गर्भात आलेले धान, ही सामग्री केवळ शोभेसाठी नाही. हीच गोष्ट नळाच्या शहरात घडविली, तर बापाच्या कृत्यामागची निकड नाहीशी होते. स्थळकाळ बदलल्याने कथानक मोडत असेल, तर वातावरण गोष्टीत खऱ्या अर्थाने मुरलेले आहे असे जाणावे. या जिल्ह्यातील मुले या बाबतीत भाग्यवान आहेत; तलाव, रोवणी आणि जंगल त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही.

येथे एका भेदाकडे लक्ष वेधावे. मारुती चितमपल्ली हे वनाधिकारी म्हणून नवेगाव बांध परिसरात राहिले. तेथील पक्षी, तलाव व माणसे यांविषयी त्यांनी पुष्कळ लिहिले. २००६ साली सोलापूर येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांचे लेखन कथेसारखे वाचले जाते, परंतु त्याचा पाया प्रत्यक्ष पाहिलेल्या निसर्गावर असतो. त्यास ललित लेखन म्हणावे. कथेत घडलेले आणि कल्पिलेले यांची सरमिसळ करण्याची लेखकास मुभा असते.

लेखक, निवेदक आणि दृष्टिकोण

मुलांचा सर्वांत अधिक गोंधळ येथे होतो. गोष्टीत 'मी' आला, की तो लेखकच, असे त्यांना वाटते. हा गैरसमज दूर करण्यास मराठी कादंबरीच्या इतिहासातील एक उदाहरण फार उपयोगी आहे. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीत यमू नावाची स्त्री स्वतःची कहाणी स्वतःच सांगते. लिहिणारा पुरुष आहे. सांगणारी स्त्री आहे. लिहितो तो लेखक आणि गोष्टीत राहून सांगतो तो निवेदक. दोघे एक असतीलच असे नाही.

गावच्या शिक्षकाला जवळचे वाटावे असे दुसरे उदाहरण म्हणजे व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५). औंध संस्थानातील माणदेशात, धनगरांच्या एका वाडीवर नेमणूक झालेला तरुण शिक्षक ही कथा सांगतो. वाडीतील माणसे, त्यांचा अविश्वास, हळूहळू जडलेला लोभ आणि अखेर दुष्काळाने ओस पडलेली वाडी, हे सारे त्या परगावच्या शिक्षकाच्या डोळ्यांनी दिसते. तीच कथा वाडीच्या कारभाऱ्याने सांगितली असती, तर शाळेला तिच्यात किती जागा मिळाली असती? या प्रश्नाचा विचार केला, की दृष्टिकोण ही संज्ञा आपोआप उलगडते. वि. स. खांडेकर यांच्या 'ययाति' (१९५९) मध्ये ययाति, देवयानी व शर्मिष्ठा हे तिघे आळीपाळीने आपापली बाजू मांडतात. प्रसंग तेच, पण पाहणारा बदलला की न्याय बदलतो.

आता पुन्हा नमुन्याच्या गोष्टीकडे यावे. तीत निवेदक 'मी' नाही. ती तृतीयपुरुषी आहे. तरीही निवेदक सुखदेवच्या जवळून हलत नाही. बाप रात्री कोठे गेला, हे सुखदेवने पाहिले नाही, म्हणून तेही सांगितलेले नाही. वर्गाचे तीन गट करावेत. पहिल्याने ही गोष्ट बापाच्या तोंडून, दुसऱ्याने डोमाच्या तोंडून आणि तिसऱ्याने त्याच्या मुलीच्या तोंडून सांगावी. या एका तासात जे साधते, ते दहा व्याख्यांनी साधत नाही.

संवाद आणि बोली

पात्रांचे परस्परांतील बोलणे म्हणजे संवाद. चांगल्या संवादातून माहितीपेक्षा माणूस अधिक कळतो. बापाच्या तोंडी शेवटी तीन छोटी वाक्ये आहेत. 'माझी चूक झाली' असे तो म्हणत नाही, परंतु ऐकणाऱ्यास ते ऐकू येते.

ही तीन वाक्ये आपल्या घरी कशी म्हणतील, ते प्रत्येक मुलाकडून म्हणवून घ्यावे. झाडीबोलीत, पोवारीत, हिंदीत, गोंडीत, जशी असतील तशी येऊ द्यावीत आणि फळ्यावर लिहावीत. झाडीबोलीत 'ण'च्या जागी 'न' येतो, म्हणून मुलास हसू नये. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत ठेवण्याची प्रथा मराठी ग्रामीण कथेत चांगली रुळलेली आहे. शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या कथांना त्यामुळेच बळ आले. आपली बोली साहित्यात चालते, हे मुलास कळले, की त्याची जीभ मोकळी होते.

उत्कर्षबिंदू आणि शेवट

ताण वाढत जाऊन ज्या क्षणी निर्णय होतो, त्या क्षणास उत्कर्षबिंदू म्हणतात. या गोष्टीत तो कोठे आहे, यावर मुलांत वाद होऊ द्यावा. काहींच्या मते सुखदेव फावडे उचलतो तेथे, काहींच्या मते बाप हात पुढे करतो तेथे. दोन्ही बाजूंना आधार आहे. आपल्या मतास गोष्टीतील आधार देता येणे, हेच येथे शिकावयाचे आहे. पुढे पंचायतीत काय झाले, ते गोष्ट सांगत नाही. अशा शेवटास सूचक शेवट म्हणतात. उरलेले काम वाचकावर सोपविलेले असते.

विषय, आशय आणि तात्पर्य

या तीन शब्दांची गल्लत विद्यार्थी करतात, तशी कधी कधी शिक्षकांकडूनही होते. गोष्ट कशाविषयी आहे, हे एका शब्दात सांगता येते, तो विषय : येथे पाणी. गोष्ट त्या विषयाविषयी काय जाणवून देते, तो आशय : मुलाच्या धैर्याने बापास आपली चूक स्वतः पत्करण्याची वाट मिळाली. तिच्यातून काढलेला उपदेश, ते तात्पर्य.

तात्पर्य हे बोधकथेचे अंग आहे. तेथे ते शोभते, कारण गोष्टच त्यासाठी रचलेली असते. महानुभाव वाङ्मयातील केसोबासांच्या 'दृष्टांतपाठा'त आधी सूत्र, मग दृष्टांत आणि मग त्याचा उलगडा करणारे दार्ष्टान्तिक, अशी नेटकी रचना आहे. पंचतंत्रातही नीती शिकविणे हाच हेतू उघड आहे. परंतु प्रत्येक कथेस हा साचा लावू नये. नमुन्याची गोष्ट संपताच फळ्यावर 'तात्पर्य : नेहमी खरे बोलावे' असे लिहिले, तर सुखदेवची रात्रभराची घालमेल, बापाचे मौन आणि डोमाच्या मुलीचा हात हे सारे पुसले जाते. खरे बोलावे हे मुलांस आधीच ठाऊक होते. खरे बोलणे किती जड असते, हे गोष्टीने सांगितले होते. म्हणून तात्पर्य लिहिण्याची घाई करू नये.

फावड्यावरची ओली माती हे या गोष्टीतील प्रतीक मानता येईल : जे धुतले गेले नाही ते. पाय धुतले, फावडे राहिले. तथापि प्रतीके मुलांनी आपणहून शोधावीत. प्रत्येक वस्तूत अर्थ शोधावयास लावले, तर त्यांस गोष्टीचा वीट येतो.

कथाप्रकार

कथाप्रकारांची ओळख स्थानिक उदाहरणांनी करून द्यावी. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. सभोवतालच्या सात टेकड्यांना 'सात बहिणी' म्हणतात; या देवींनी बांध घालण्यास साहाय्य केले, असे लोक मानतात. कोलू पाटलांस पुढे कोलासुर देव म्हणून देवत्व लाभले. कोहळी समाजाने या भागात तलाव बांधले, हा इतिहास आहे. सात बहिणींचे साहाय्य ही आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणजे खोटी गोष्ट नव्हे. एवढे मोठे काम माणसांनी केले याविषयी पुढच्या पिढ्यांस वाटलेला विस्मय तिच्यात साठविलेला असतो.

सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेशी गोंड समाजाच्या उत्पत्तीची कथा निगडित आहे. तेथे कोंडलेल्या मुलांना पारी कुपार लिंगोने मुक्त केले, असे ती सांगते. माघ पौर्णिमेस तेथे मोठी यात्रा भरते. ज्या कथेवर एखाद्या समाजाची श्रद्धा उभी असते, तिला दैवतकथा किंवा पुराकथा म्हणावे. वर्गात गोंड मुले बसलेली असताना 'दंतकथा' हा शब्द तुच्छतेने वापरला जाणार नाही, ही दक्षता शिक्षकाने घ्यावी. शक्य असल्यास ती कथा त्याच समाजातील वडीलधाऱ्यांना बोलावून त्यांच्या तोंडून ऐकवावी.

कथा आणि कादंबरी यांतील भेद केवळ पानांच्या संख्येचा नाही. कथा बहुधा एका प्रसंगावर किंवा एका परिणामावर दृष्टी खिळविते. कादंबरी अनेक माणसांचा आणि मोठ्या काळाचा पट उलगडते. 'कादंबरी' हा शब्द बाणभट्टाच्या सातव्या शतकातील संस्कृत गद्यकथेच्या नावावरून आला. ते त्या कथेच्या नायिकेचे नाव होते. मराठीत व कन्नडात ते साऱ्या वाङ्मयप्रकारासच मिळाले. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' (१८५७) हे मराठीतील आरंभीच्या कादंबऱ्यांत गणले जाते.

संज्ञाही काळाबरोबर बदलतात, हे येथे सांगावे. ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथात कथेच्या तंत्राचा विचार मांडला. गुंतागुंत, उत्कर्ष, कलाटणी यांवर त्या काळी पुष्कळ भर होता. स्वातंत्र्याच्या सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांनी नवकथा लिहिली. तीत घटना कमी झाली आणि मनाच्या हालचालीस महत्त्व आले. कलाटणी नसलेली कथा सदोष ठरेनाशी झाली. संज्ञा या गोष्टीस मोजावयाच्या काठ्या नव्हेत. तिच्याकडे पाहण्याच्या खिडक्या आहेत.

अध्यापनासाठी सूचना

१. एका तासात दोनपेक्षा अधिक संज्ञा घेऊ नयेत.

२. मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून एक गोष्ट ऐकून यावी व वर्गात सांगावी. ज्या मुलास लिहिणे जड जाते, त्यास प्रथम संधी द्यावी. सांगण्यात तो पुष्कळदा पुढे असतो.

३. परीक्षेत 'व्याख्या द्या' असा प्रश्न न घालता एक अपठित लहान गोष्ट देऊन पुढील प्रश्न विचारावेत : ही गोष्ट कोण सांगत आहे? त्यास काय ठाऊक नाही? मुख्य पात्रापुढे कोणते दोन मार्ग होते? हीच गोष्ट दुसऱ्या पात्राने सांगितल्यास कोणते वाक्य बदलेल?

४. संज्ञा चुकली पण समज बरोबर असली, तर गुण द्यावेत. 'उत्कर्षबिंदू' हा शब्द न आठवून 'जिथे जीव थांबतो ती जागा' असे मुलाने लिहिले, तर त्यास विषय कळला आहे.

वर्षाच्या शेवटी मुलांच्या वहीत किती व्याख्या उतरल्या, हे पाहू नये. शाळेच्या कपाटातील गोष्टींची पुस्तके किती मुलांनी आपणहून मागितली, ते पाहावे. पुस्तक परत करताना एखादी मुलगी म्हणाली, की गुरुजी, ही गोष्ट त्या म्हातारीने सांगितली असती तर वेगळी झाली असती, तर दृष्टिकोण हा शब्द तिने उच्चारला नसला तरी तो धडा पुरा झाला असे समजावे.